मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामरची वीजजोडणी व केबल : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : ग्रामीण महाराष्ट्र)

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, प्रोग्रामर, वीजपुरवठा, अर्थिंग, केबल, ग्रामीण तंत्रशिक्षण

प्रस्तावना :

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी हे गाव वसलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. या परिसरात घरी मावची किंवा भिली, शाळेत मराठी आणि विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत इंग्रजी, असा भाषिक प्रवास अनेक विद्यार्थ्यांना करावा लागतो. याच प्रवासात इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या विद्यार्थ्याची मायक्रोकंट्रोलरशी गाठ पडते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य उपकरणांशी संपर्क साधणारे मार्ग एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक होय. धुलाईयंत्र, वीजमीटर, दुचाकी, पंपाचा स्वयंचलित स्टार्टर अशा असंख्य वस्तूंत तो असतो. मात्र कोरी चिप स्वतः काहीही करीत नाही. तिच्यात प्रोग्राम लिहावा लागतो व त्यासाठी जे उपकरण वापरतात त्यासच 'प्रोग्रामर' असे म्हणतात. या उपकरणाला दोन जोडण्या आवश्यक असतात : एक विजेची आणि दुसरी संगणक व चिप यांना सांधणाऱ्या केबलची.

मायक्रोकंट्रोलरचा इतिहास बहुधा चिपच्या वेगाचा व स्मृतीच्या वाढीचा इतिहास म्हणून मांडला जातो. वीज कोठून आली, केबल कोणत्या क्रमाने जोडली गेली, हे प्रश्न त्यात गौण ठरतात. वस्तुतः प्रोग्राम लिहिण्याची क्षमता मोठ्या शहरातील प्रयोगशाळेतून खेड्यापर्यंत पोहोचण्यात या जोडणीतील बदलाचा वाटा मोठा आहे. त्याचबरोबर, जोडणी जसजशी सोपी होत गेली तसतसे तिच्यामागील ज्ञान दृष्टीआड होत गेले. या दोन्ही बाबींचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. स्वतंत्र पेटीचा कालखंड (१९७१ ते १९९२) :

१९७१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. इंटेल कंपनीचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर त्या वर्षी बाजारात आला आणि त्याच कंपनीतील डोव्ह फ्रोहमन यांनी विकसित केलेली पुसता येणारी स्मृती, म्हणजेच ईप्रॉम, त्याच वर्षी उपलब्ध झाली. १९७६ मध्ये इंटेलने ८०४८ कुळातील मायक्रोकंट्रोलर आणले. त्यांपैकी ८७४८ या चिपमध्ये ईप्रॉम अंतर्भूत होती. १९८० मध्ये आलेले ८०५१ कुळ भारतातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात पुढे दीर्घकाळ टिकून राहिले.

ईप्रॉममध्ये लिहिणे म्हणजे निरोधक थराने वेढलेल्या सूक्ष्म विभागात विद्युत्‌भार अडकवून ठेवणे होय. त्यासाठी नेहमीचे ५ व्होल्ट पुरत नसत. प्रचलित २७१६ या ईप्रॉमला लेखनासाठी २५ व्होल्ट लागत. एक बाइट लिहिण्यास ५० मिलिसेकंदांचा स्पंद द्यावा लागे, म्हणजे २०४८ बाइटांची संपूर्ण चिप लिहिण्यास सुमारे १०० सेकंद लागत. पुसण्यासाठी चिपच्या काचेच्या खिडकीवर अतिनील किरण साधारणतः २० मिनिटे सोडावे लागत.

अशा परिस्थितीत प्रोग्रामर ही एक स्वतंत्र, जड पेटी असे. तिच्यात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असे आणि ती थेट भिंतीवरील विजेवर चाले. चिप तिच्या मूळ मंडलातून काढून या पेटीच्या सॉकेटमध्ये बसवावी लागे व लेखन झाल्यावर पुन्हा जागी न्यावी लागे. दोन विद्युत्‌दाबांचा क्रमही कठोर होता. ५ व्होल्टचा पुरवठा आधी किंवा एकाच वेळी द्यावयाचा आणि २५ व्होल्टचा त्यानंतर; काढताना २५ व्होल्ट आधी काढावयाचे. हा क्रम चुकल्यास चिप कायमची निकामी होण्याचा धोका असे. तथापि व्यवहारात हा क्रम पेटीतील मंडलच पाळीत असल्याने वापरणाऱ्यास त्याची जाणीव असण्याची गरज नसे. लिहिताना वीज गेली तर मात्र चिप अर्धवट लिहिलेली राही. ती पुन्हा पडताळणे, प्रसंगी पुसून नव्याने लिहिणे क्रमप्राप्त ठरे.

याच काळात भारतीय महाविद्यालयांत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवरील प्रशिक्षण संच रूढ झाले. या संचावर सोळा अंकी पद्धतीच्या कळफलकाने प्रोग्राम भरीत. तो तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने वीज जाताच पुसला जाई आणि विद्यार्थ्यास पहिल्यापासून भरावा लागे. ग्रामीण भागात विजेचा लपंडाव नित्याचा असल्याने त्याची झळ तेथील विद्यार्थ्यास अधिक बसे. विजेच्या सातत्यावर शिक्षणाचे सातत्य अवलंबून असणे हे या कालखंडाचे लक्षण म्हणता येईल.

२. केबल चिपपर्यंत येते (१९९३ ते २००५) :

१९९३ मध्ये मायक्रोचिप कंपनीचा पिक१६सी८४ हा मायक्रोकंट्रोलर आला. त्याची प्रोग्राम-स्मृती विजेनेच पुसता व लिहिता येत असल्याने अतिनील दिव्याची गरज उरली नाही. शिवाय लेखनासाठी माहितीची एक व घड्याळस्पंदाची एक अशा दोनच संदेशतारा पुरेशा होत्या. त्यामुळे चिप मंडलातच ठेवून प्रोग्राम लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र लेखनावस्थेत जाण्यासाठी एका पिनवर १२ ते १४ व्होल्ट द्यावे लागतच होते. १९९७ च्या सुमारास अ‍ॅटमेल कंपनीने एव्हीआर हे कुळ आणले. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांनी त्याची मूळ रचना केली होती. या चिपमध्ये नेहमीच्याच पुरवठ्यावर, चिप मंडलात असतानाच लेखन करता येई. ८०५१ च्या परंपरेतील एटी८९एस५२ या चिपमध्येही पुढे हीच सोय झाली.

परिणामी प्रोग्रामरची पेटी नाहीशी होऊन तिच्या जागी एक केबल आली. संगणकाच्या मागील बाजूस छपाईयंत्रासाठी २५ पिनांचा समांतर पोर्ट असे. त्यास एक साधी चिप व काही रोधक जोडले की एव्हीआरसाठी प्रोग्रामर तयार होई. ७४एचसी२४४ ही अशा केबलमध्ये सर्रास वापरली जाणारी चिप होय. खर्च अत्यल्प असल्याने विद्यार्थी असा प्रोग्रामर स्वतः जोडू शकत असे.

परंतु या सोयीबरोबर एक नवीन प्रश्न उद्भवला. समांतर पोर्टच्या २५ पिनांपैकी २ ते ९ क्रमांकाच्या पिना माहितीसाठी आणि १८ ते २५ क्रमांकाच्या पिना ग्राउंडसाठी होत्या. पुरवठ्याची पिन त्यात नव्हती. त्यामुळे केबलमधील चिपला वीज मिळे ती लक्ष्य-मंडलाकडून, म्हणजे ज्या मंडलात लिहावयाचे त्याच्याकडूनच. मंडलास वीज न देता केबल जोडली तर प्रोग्रामर मुका राही आणि संगणकाच्या पडद्यावर केवळ 'उपकरण सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येई. पेटीच्या काळात प्रोग्रामर चिपला वीज पुरवीत असे. आता चिपचे मंडल प्रोग्रामरला वीज पुरवू लागले. विजेच्या प्रवाहाची ही उलटलेली दिशा केबलकडे पाहून समजत नसे.

पिक कुळासाठी जे अल्पखर्ची प्रोग्रामर प्रसिद्ध झाले, त्यांतील काही सीरिअल पोर्टच्या संदेशतारांवरूनच वीज घेत. या तारांवरील दाब मानकानुसार ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान, धन वा ऋण, काहीही असू शकतो. टेबलावरील संगणकात तो पुरेसा असे, परंतु अनेक लॅपटॉपमध्ये कमी असे. साहजिकच एका संगणकावर चालणारी केबल दुसऱ्यावर चालत नसे आणि दोष प्रोग्रामचा, चिपचा की पुरवठ्याचा हे ठरविणे नवशिक्यास कठीण जाई.

३. जोडणीचा क्रम आणि पिनची लांबी :

एक मंडल दोन वेगवेगळ्या वीजस्रोतांशी जोडले जाते तेव्हा त्यांचे ग्राउंड आधी एक होणे आवश्यक असते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात विद्युत्‌गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या पेटीकडे छोटी कपॅसिटर जोडलेली असतात. पेटीस अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटी पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या दाबावर तरंगत राहते. अशा पेटीस हात लागल्यावर येणाऱ्या झिणझिण्या अनेकांच्या परिचयाच्या आहेत. माणसाला हा प्रवाह सहसा जाणवण्यापुरताच असतो. परंतु केबल जोडताना ग्राउंडच्या आधी संदेशाची पिन टेकली, तर हा दाब प्रथम चिपच्या नाजूक पिनवर येतो आणि तिला इजा पोहोचू शकते.

ही अडचण विद्युत्‌तंत्रास नवीन नव्हती. भारतात घरोघरी असणाऱ्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. प्लग आत जाताना अर्थिंग सर्वप्रथम जोडले जाते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. वापरणाऱ्यास नियम माहीत नसला तरी पिनच्या लांबीमुळे तो पाळला जातो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी मानकातही हेच तत्त्व अवलंबिले आहे. यूएसबीच्या प्लगमधील चार पट्ट्यांपैकी पुरवठा व ग्राउंड यांच्या बाहेरील दोन पट्ट्या संदेशाच्या आतील दोन पट्ट्यांपेक्षा लांब असतात.

मायक्रोकंट्रोलरच्या मंडलावरील ६ किंवा १० पिनांच्या दुहेरी रांगेत मात्र सर्व पिना समान लांबीच्या असतात. तेथे क्रम जोडणाराच्या हातात राहतो. दिशाही त्यालाच पाहावी लागते. रिबन केबलची एक कड लाल असते. ती पहिल्या क्रमांकाची पिन दर्शविते. सॉकेटला खाच असेल तर केबल उलटी बसत नाही. परंतु खर्च वाचविण्यासाठी अनेकदा उघड्या पिनाच ठेवलेल्या असतात. एव्हीआरच्या ६ पिनांच्या रचनेत केबल उलटी बसल्यास पुरवठ्याची तार रीसेटच्या पिनवर जाते आणि ग्राउंडची तार संदेशाच्या पिनवर जाते. अशा वेळी मंडलास स्वतंत्र वीज चालू असेल तर हानीचा संभव वाढतो. म्हणूनच जाणकार मंडळी वीज बंद ठेवून केबल जोडतात आणि नंतरच पुरवठा सुरू करतात.

४. यूएसबीचा कालखंड :

यूएसबीने माहिती व वीज एकाच केबलमध्ये आणली. सुरुवातीच्या मानकानुसार उपकरणास ५ व्होल्टवर १०० मिलिअँपिअर व संगणकाच्या संमतीने ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळू शकतो. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो या मंडलाचा प्रारंभ झाला. त्यात एव्हीआर चिपमध्ये आधीच एक छोटा प्रोग्राम भरलेला असतो व तोच पुढचे लेखन करवून घेतो. त्यामुळे वेगळ्या प्रोग्रामरची गरज उरत नाही आणि लेखन चालू असताना वीज गेली तरी तो छोटा प्रोग्राम शाबूत राहून पुन्हा लेखन करता येते.

आर्डुइनोच्या प्रारंभीच्या मंडलांवर वीज यूएसबीतून घ्यावयाची की बाहेरील अडॅप्टरमधून, हे ठरविण्यासाठी एक जम्पर असे. २००७ मधील डिएसिमिला या मंडलापर्यंत ही पद्धत चालू होती. त्यानंतरच्या डुएमिलानोव्हे या मंडलात ही निवड आपोआप होऊ लागली. शिकणाऱ्याची सोय झाली हे निर्विवाद आहे. परंतु जम्पर हलविताना 'या मंडलास वीज कोठून येते?' हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यासमोर येत असे. जम्पर गेल्यावर तो प्रश्नही समोर येईनासा झाला.

तो प्रश्न पुढे दुसऱ्या रूपाने परत आला. २०१४ नंतर ईएसपी८२६६ सारख्या ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिप सर्वत्र पसरल्या. ५ व्होल्टच्या प्रोग्रामरची केबल अशा चिपला थेट जोडणे धोक्याचे असते. काही यूएसबी प्रोग्रामर लक्ष्य-मंडलास स्वतः वीज पुरवितात, तर काही केवळ त्याचा दाब मोजतात व वीज मुळीच पुरवीत नाहीत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

५. ग्रामीण महाराष्ट्रातील अनुभव :

या स्थित्यंतराचा ग्रामीण महाराष्ट्राशी असलेला संबंध पाबळच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. 'हाताने काम करीत शिकणे' हे तेथील शिक्षणाचे सूत्र होते. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य हे तेथील शिक्षणाचे विभाग असून घरगुती वीजजोडणीचा समावेश त्यात आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या केंद्राच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली. संस्थेच्या आवाराबाहेरील जगातील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाचे टायमिंग जुळविणे अशा स्थानिक गरजांसाठी उपकरणे बनविण्याचे प्रयत्न तेथे झाले. २००३ मध्ये डॉ. कलबाग यांचे निधन झाले, तथापि कार्य पुढे चालू राहिले. फॅब लॅबच्या जागतिक अभ्यासक्रमात मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रामर विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा, हा एक पाठच ठेवण्यात आला, ही बाब येथे विशेष उल्लेखनीय आहे. पाबळचे महत्त्व असे की, तेथे भिंतीवरील सॉकेटची जोडणी आणि चिपपर्यंतची जोडणी एकाच आवारात हाताने शिकता येत होती.

नंदुरबार जिल्ह्यात विजेचा प्रश्न याहून मूलभूत स्वरूपाचा होता. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे २००३ मध्ये केरळमधील अभियंत्यांच्या साहाय्याने व ग्रामस्थांच्या श्रमदानातून १५ किलोवॅटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभा राहिला. २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने त्याची हानी झाली. सपाटीवरील गावांत वीज होती, परंतु महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतरची काही वर्षे दीर्घ भारनियमनाची होती. विजेचा दाब कमी असणे ही दुसरी अडचण होय. मंडलास ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ या नियंत्रकास आत किमान ७ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. घरातील पुरवठा बराच खाली गेला की साध्या ट्रान्सफॉर्मरवरून तेवढा दाब मिळत नाही आणि चिपमधील लेखन चुकते. लॅपटॉपची बॅटरी व यूएसबी केबल यांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. लॅपटॉप स्वतःच स्थिर व अखंड पुरवठा बनला. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेद्वारे अशी मंडले शाळांपर्यंत पोहोचू लागली. २०१८ मध्ये नंदुरबारचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला.

साहित्य पोहोचले, तरी जोडणीचे ज्ञान त्याच वेगाने पोहोचेलच असे नाही. अभ्यासक्रमात सूचनासंच, टायमर, इंटरप्ट यांस रीतसर स्थान असते. अर्थिंग तपासणे, केबलची दिशा पाहणे, पुरवठ्याचा स्रोत निश्चित करणे या गोष्टी मात्र 'पाहून शिकावयाच्या' मानल्या जातात. ज्याच्या घरी वा शेजारी कोणी इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतो, तो त्या पाहून शिकतो. विसरवाडी परिसरातून आलेल्या, कुटुंबात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला अशी संधी क्वचितच मिळते. सूचनापुस्तिका इंग्रजीत असते. एखादी चिप जळते तेव्हा तो दोष जोडणीचा न मानता स्वतःच्या बुद्धीचा मानतो आणि विषयापासून दूर जातो. चिपची किंमत भरून काढता येते, परंतु गमावलेल्या आत्मविश्वासाची भरपाई सहजासहजी होत नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) प्रोग्रामरच्या इतिहासात वीजपुरवठ्याचे स्थान दोनदा बदलले : प्रथम स्वतंत्र पेटी, नंतर लक्ष्य-मंडल आणि शेवटी संगणकाची केबल. प्रत्येक बदलाने खर्च कमी झाला व खेड्यातील वापर सुकर झाला.

२) जोडणीचे ज्ञान काही ठिकाणी वस्तूच्या घडणीतच सामावलेले असते, तीन पिनांचा प्लग व यूएसबी ही त्याची उदाहरणे होत. जेथे ते वस्तूत नाही, तेथे ते शिकवावे लागते. ६ व १० पिनांची केबल या दुसऱ्या प्रकारात मोडते.

३) आज सांगितले जाणारे जोडणीचे नियम केवळ रूढी नसून प्रत्येकामागे तांत्रिक कारण आहे. प्रथम सॉकेटचे अर्थिंग तपासावे, कारण संगणकाची पेटी तरंगू शकते. वीज बंद ठेवून केबल जोडावी, लाल कड पहिल्या पिनशी जुळवावी आणि सुट्या तारा असल्यास ग्राउंड आधी जोडावे, कारण येथे पिनांची लांबी समान आहे. मंडलास वीज प्रोग्रामर देणार की अन्य पुरवठा, हे आधी ठरवावे व एका वेळी एकच स्रोत ठेवावा. चिपचा दाब ५ व्होल्ट की ३.३ व्होल्ट याची खात्री करावी. काढताना आधी वीज बंद करावी आणि ग्राउंड शेवटी सोडावे.

४) हे नियम कारणांसह मराठीत, शक्य तेथे विद्यार्थ्यांच्या बोलीत समजावून, प्रात्यक्षिक वहीच्या पहिल्या पानावर नोंदविले जावेत आणि तोंडी परीक्षेत 'या मंडलास वीज कोठून येते?' हा प्रश्न आवर्जून विचारला जावा. त्यासाठी नवीन अनुदानाची वा नव्या उपकरणाची आवश्यकता नाही. इलेक्ट्रॉनिक्स व भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रात्यक्षिकाचा पहिला तास या कामी दिला, तर ग्रामीण व आदिवासी भागातील विद्यार्थी पुढील तासांना अधिक निर्धास्तपणे प्रयोग करू शकतील.